गोगोंनी नर्सची जागा घेतली

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी व्हिनेगरची तपासणी करतात, ती मी मुंबईत शिकले. ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडल्या असतील तिथे पांढरा चट्टा उमटतो. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून ही तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. सध्या मी आफ्रिकेत, दक्षिण मलावीत आहे. हा कर्करोग जगात सर्वाधिक आढळणाऱ्या देशांत मलावी येतो. एचआयव्ही असलेल्या बाईला त्याचा धोका सहापट, आणि इथे अशा बायका पुष्कळ.

बायका तपासणीला याव्यात म्हणून आम्ही गावात आधी नाटक नेतो. इथल्या झोम्बा शहरातल्या विद्यापीठाची मंडळी १९८० च्या दशकापासून आरोग्याची नाटकं खेड्यांत करत आली आहेत, त्यामुळे लोकांना ते नवं नाही. आमच्या चमूची पद्धत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची. प्रसंग वाईट टोकाला नेऊन सोडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा’ म्हणावं आणि पात्राची जागा घेऊन पुढचं करून दाखवावं. यात सगळं कसब सूत्रधाराचं. त्याने उत्तर सुचवायचं नसतं. जे करून दाखवलं ते आपल्या गावात खरंच चालेल का, एवढंच तो गर्दीला विचारत राहतो. आमचा सूत्रधार पोरगेला आहे, पण भित्तीपत्रकं वाटून ‘जनजागृती झाली’ असं लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या हाताखाली महिनाभर काढावा.

नाटकातल्या बाईच्या अंगावरून मध्येच रक्त जातं आणि नवरा तिला दवाखान्यात जाऊ देत नाही. निधी देणाऱ्यांनी मंजूर केलेला विषयच ‘पतीचा विरोध’ हा होता.

त्या दिवशी एक बाई उठल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण नातवंडं आहेत म्हणून सारं गाव त्यांना गोगो, म्हणजे आजी म्हणतं. बायको होतील किंवा नवऱ्याला खडसावतील असं आम्हाला वाटलं. त्या सरळ नाटकात नर्स झालेल्या मुलीकडे गेल्या, तिच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “चला, झोपा लवकर. चट्टा आहे. आज गॅस नाही, पुढच्या महिन्यात या.”

बायकांत एकदम हशा झाला. दुसरी उठून रुग्ण झाली: “मागच्या महिन्यातही हेच सांगितलंत.” सूत्रधाराने विचारलं, आणि नवरा कुठे आहे? गोगो म्हणाल्या, “बाहेर. त्यानेच तर सायकलवरून आणलं.”

गॅस म्हणजे चट्टा गोठवण्याच्या यंत्राचा सिलिंडर. तो शहरातून येतो आणि संपला की उपचार बंद. आता बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं यंत्र मिळतं. तापवलेल्या टोकाने चट्टा मिनिटभरात जाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची शिफारस केली. त्या दुपारी ते माझ्या बॅगेत होतं.

पण मी गोगोंना तपासलं तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. चट्टा गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात शिरला होता. तिथे यंत्राचं टोक पोचत नाही, आणि आत काय आहे ते दिसल्याशिवाय जाळूही नये. तुकडा तपासायला मी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. आधीच्या खेपेला चट्टा केवढा होता, ते मी आरोग्यकेंद्राच्या रजिस्टरात शोधलं. ‘पॉझिटिव्ह, नंतर बोलावले’ एवढीच नोंद. तेव्हाच उपचार झाला असता तर काय झालं असतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि माझ्या डोक्यातून ते जात नाही.

चमूत आता वाद आहे. समन्वयक म्हणतात, नर्सचा प्रसंग ठेवला तर आरोग्यकेंद्र आम्हाला दारात उभं करणार नाही. माझं मत, तो राहिलाच पाहिजे. बायकांनी स्वतः उभा केलेला तेवढाच भाग आहे. पण नाटकात नर्स होणारी मुलगी म्हणते ते मला खोडून काढता येत नाही: त्या केंद्रात बाळंतपणं आणि तपासण्या एकाच नर्सकडे आहेत, सिलिंडर मागवणं तिच्या हातात नाही, आणि गावासमोर शिव्या मात्र तिनेच खायच्या. सिलिंडर न पाठवणाऱ्या साहेबाचं पात्र घाला, असं तिचं म्हणणं. ते घातलं तर त्याची जागा घ्यायला गावातलं कोण उठेल आणि काय करून दाखवेल, यावर आम्ही अडलो आहोत.