बर्लिनचं घर सोडताना

बर्लिनमधलं भाड्याचं घर सोडायचं तर घरमालकाला कागदावर, सही करून नोटीस द्यावी लागते. ईमेल चालत नाही. मुदत तीन महिन्यांची, आणि पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचलं तरच तो महिना धरतात. मी पत्र टाकलं तेव्हा परतीचं तिकीटही काढलं नव्हतं, पण शहर सुटायला लागलं ते त्या दिवसापासून.

शेवटच्या आठवड्यातलं मोठं काम म्हणजे आब्मेल्डुंग, आपण इथून गेलो अशी सरकारदरबारी नोंद. ती घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी आणि नंतर दोन आठवड्यांच्या आत करायची. पैसे लागत नाहीत. ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिकांची कामं करणाऱ्या सरकारी कार्यालयाची, अपॉइंटमेंट मिळेना, म्हणून मी अर्ज पोस्टानं पाठवला, तसंही चालतं. त्याचा दाखला जिवापाड जपावा. रेडिओ-टीव्हीची दरमहा १८.३६ युरोंची वर्गणी बंद करायची तर तोच पुढे करावा लागतो.

मग भिंती. खिळे-स्क्रूंची भोकं पुट्टीनं बुजवली, घासली, पांढरा रंग मारला. पुस्तकांच्या फळीमागचा चौकोन मात्र रंगानंतरही किंचित वेगळा दिसत होता. ताबा देताना घरमालकीणबाईंनी त्यावरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या खोलीत गेल्या. वीज आणि हीटरच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती दिल्या, सगळं कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या. या कागदाची आपली प्रत घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये, आणि मीटरचे फोटोही काढून ठेवावेत.

सगळ्यात जड गेलं ते बेलवरचं नाव काढणं. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. बेलवर आणि टपालपेटीवर नाव असेल तरच पोस्टमन पत्र टाकतो. चिकटपट्टी सोलताना अक्षरं अर्धवट फाटली, नखानं खरवडून काढावी लागली. इतकी वर्षं मी त्या इमारतीत नावानिशी होते, आणि मिनिटाभरात ती जागा कोरी झाली. मला रडू आलं.

म्हणून सांगते, कागदपत्रं आणि रंगकाम आधी उरका, शेवटच्या दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. मी त्या टेम्पलहोफच्या मैदानावर घालवल्या. २००८ मध्ये बंद झालेला विमानतळ तो; २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तिथे बांधकाम होऊ दिलं नाही. धावपट्टीवर माणसं सायकली चालवतात, पतंग उडवतात. मैत्रिणींना तिथेच बोलावलं, म्हणजे प्रत्येकीच्या घरी निरोपाला धावावं लागलं नाही.

आणि बँकेचं खातं घाईनं बंद करू नका. डिपॉझिट परत यायला काही महिने लागू शकतात, हीटर-पाण्याचा वार्षिक हिशेब तर त्याहून उशिरा येतो. घरमालकीणबाईंकडे नवा पत्ता देऊन ठेवा. माझा हिशेब अजून यायचा आहे.