वाचनालयाच्या नोंदी आणि पायथनच्या डिक्शनऱ्या : माझा अनुभव

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद आणि पुस्तकांची देवघेव यांच्या नोंदी वह्यांतून संगणकावर आणण्याचे काम मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत केले. पायथनची डिक्शनरी म्हणजे किल्ली देऊन तिच्याशी जोडलेली माहिती काढण्याची रचना. त्यात सर्वाधिक विचार करावा लागला तो एकाच प्रश्नाचा : मागितलेली किल्ली डिक्शनरीत नसेल, तर प्रोग्रामने काय करावे? साधी डिक्शनरी अशा वेळी कीएरर, म्हणजे किल्ली न सापडल्याची त्रुटी देते. पायथनसोबत येणाऱ्या कलेक्शन्स या मॉड्यूलमधील (तयार साधनांच्या संचातील) विशेष डिक्शनऱ्या मात्र निरनिराळी उत्तरे देतात.

सभासदांची गावनिहाय यादी मी डिफॉल्टडिक्टने केली. नंदगड हे नाव पहिल्यांदा येताच रिकामी यादी आपोआप तयार होते आणि सभासद तिच्यात जातो. परंतु चौकोनी कंसातून नुसती विचारणा केली तरी नवी किल्ली निर्माण होते, म्हणजे सभासद नसलेल्या जांबोटीचा शोध घेतला की तेही गाव यादीत शिरते. म्हणून भरणी पूर्ण होताच मी तिचे साध्या डिक्शनरीत रूपांतर केले.

मोजणीसाठी काउंटर वापरला. नसलेल्या किल्लीसाठी तो शून्य देतो आणि किल्ली वाढवत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. शिल्लक प्रती काढताना मात्र एक निवड जाणीवपूर्वक करावी लागली : दोन काउंटरांमध्ये वजाबाकीचे चिन्ह वापरले, तर शून्य आणि ऋण उत्तरे गळून पडतात, सबट्रॅक्ट ही काउंटरची मेथड (अंगभूत क्रिया) मात्र ती जपून ठेवते. नोंदीनुसार प्रतींपेक्षा अधिक पुस्तके बाहेर गेलेली दिसत असतील, तर ती ऋण संख्याच वहीतील चूक दाखवते, त्यामुळे मी सबट्रॅक्टच घेतले.

खरा कस लागला पत्त्यांमध्ये. एकाच शहरासाठी वह्यांत बेळगाव, बेळगांव आणि १ नोव्हेंबर २०१४ च्या अधिकृत नामांतरानंतरचे बेळगावी अशी रूपे होती, आणि संगणकाच्या दृष्टीने या तीन निराळ्या किल्ल्या आहेत. मी डिक्शनरीचा उपवर्ग, म्हणजे तिचे गुण घेणारा नवा प्रकार, करून त्यात मिसिंग ही मेथड लिहिली, जिच्या नावाआधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोअर असतात. अनोळखी रूप आले की ती मेथड ते तपासणीच्या यादीत टाकते आणि तूर्त जसेच्या तसे परत देते. त्या यादीवर निर्णय गावची माणसे घेतात, आणि तेच योग्य आहे. चौकोनी कंसाऐवजी गेट या मेथडने किल्ली विचारल्यास मिसिंग चालत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

किल्ल्यांचा क्रम राखणाऱ्या ऑर्डर्डडिक्टची गरज पडली नाही, कारण पायथन ३.७ पासून साधी डिक्शनरीही भरणीचा क्रम राखण्याची हमी देते.

पडद्यावरील बटणांच्या नावांसाठी अनेक डिक्शनऱ्यांत क्रमाने शोधणारा चेनमॅप घेतला : आधी मराठी, तेथे नाव नसेल तर कन्नड, आणि शेवटी इंग्रजी. कन्नड वाचकांसाठी त्याच तीन डिक्शनऱ्या कन्नड पुढे ठेवून जोडता येतात, प्रती काढाव्या लागत नाहीत. बदल नेहमी पहिल्या डिक्शनरीतच लिहिला जात असल्यामुळे मराठी नाव दुरुस्त करताना कन्नड नावाला धक्का लागत नाही. तिन्हींत नाव नसेल, तर कीएरर येतो आणि तो मी तसाच येऊ दिला, कारण नाव नसलेले बटण वाचकांपुढे जाण्यापेक्षा प्रोग्राम चाचणीतच थांबलेला मला हवा होता.