ताण कुणाला नसतो?

‘ताण तर सगळ्यांनाच असतो, मग वर्ण, धर्म, लैंगिकता अशा ओळखीमुळे येणाऱ्या ताणाचा वेगळा अभ्यास कशासाठी?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही तो विचारलात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

नोकरी जाणे, आजारपण, घरातला मृत्यू यांचा ताण कुणालाच चुकत नाही. परंतु वर्ण, धर्म किंवा लैंगिकता यांवरून ज्याला कमी लेखले जाते, त्याच्यावर या सगळ्याशिवाय आणखी एक ओझे असते. समलिंगी स्त्रियांविषयी लिहिताना संशोधक व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली आणि संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये तिची सविस्तर चौकट आखली. त्या चौकटीत अपमान आणि मारहाण यांच्या जोडीला नाकारले जाण्याची धास्ती, लपवाछपवी आणि स्वतःविषयी मनात मुरलेली घृणा यांनाही स्थान आहे.

या लपवाछपवीचा अर्थ मला एका मुलाखतीत कळला. समोरचा गृहस्थ बराच वेळ ‘घरचे वाट पाहत असतील’, ‘घरच्यांना आवडत नाही’ असेच बोलत होता. शेवटी एका वाक्यात जोडीदाराविषयी बोलताना ‘तो’ हा शब्द निसटला आणि त्याने चटकन दाराकडे पाहिले. दार बंद होते, खोलीत आम्ही दोघेच होतो, तरीही त्याचा हात थरथरत होता.

मानसिक आघाताच्या वैद्यकीय निदानात जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा धरली जाते. दाराकडे टाकलेली ती नजर तिथे बसत नाही. शरीर मात्र तिची नोंद ठेवते. धोक्याच्या वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि रक्तदाब वाढणे उपयोगाचेच असते, पण ही सज्जता वर्षानुवर्षे उतरलीच नाही, तर हृदय आणि रक्तवाहिन्या झिजत जातात. या झिजेचा हिशेब ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडला. त्यात भर म्हणजे, दवाखान्यातही आपली ओळख उघडी पडेल या भीतीने माणूस तपासणी पुढे ढकलतो.

म्हणूनच अशा माणसाला नुसते ‘खंबीर व्हा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती सावधगिरी हा त्याचा दोष नसून भोवतालच्या वागणुकीने लावलेली सवय आहे. समुपदेशन हवेच, परंतु त्याला दाराकडे पाहायला लावणारे कायदे, कार्यालये आणि दवाखाने हेही आमच्या अभ्यासाचा विषय असले पाहिजेत.

त्या मुलाखतीनंतर आम्ही प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला: ‘गेल्या महिन्यात बोलताना तुम्ही कोणता शब्द टाळलात?’