जिनिव्हा: कॅल्व्हिनच्या कबरीपासून घड्याळांच्या काचांपर्यंत

कबरीवर खूण नको, असं सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने सांगून ठेवलं होतं. 1564 साली तो गेला आणि जिनिव्हाने त्याचं ऐकलं. नेमकी जागा आज कुणालाच ठाऊक नाही. प्लँपालेच्या दफनभूमीत पुढे एक जागा अंदाजाने मुक्रर केली गेली. तिथे ठेंगणं कुंपण, थोडी झुडपं आणि ‘जे. सी.’ एवढीच अक्षरं कोरलेला लहानसा दगड. सकाळच्या थंडीत मी एकटीच तिथे उभी होते.

मी 19 वर्षं बँकेच्या कर्जविभागात आहे. फ्रिज, फोन, लग्न, मालदीवची सहल, सगळ्याचे हप्ते बांधून देते. कॉलेजात असताना समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची 1904-05 मधली, भांडवलशाहीला प्रोटेस्टंट नीतीने बळ दिलं ही मांडणी वाचली होती, तेव्हापासून हे शहर डोक्यात होतं. मोक्ष कुणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय, असं कॅल्व्हिनपंथी मानत. मग त्यात आपण आहोत की नाही, ही धास्ती आयुष्यभर. जीव ओतून काम करायचं आणि त्याला बरकत आली तर ती कृपेची खूण समजायची. पैसा मिळवायचा, पण उडवायचा नाही. असा न उडवलेला पैसा परत धंद्यात जातो आणि भांडवल साठत जातं. इतिहासकारांनी यावर पुष्कळ आक्षेप घेतलेत. पण माझ्या टेबलासमोर रोज बसणारी माणसं बघून मला वेबर आठवतो, हे खरं.

टेकडीवरच्या सेंट पिएर चर्चमध्ये मूर्ती नाहीत, भिंती जवळजवळ उघड्या. कॅल्व्हिनची म्हणून एक साधी लाकडी खुर्ची दाखवतात. त्याच्या काळात, 1546 मध्ये, इथले दारूचे गुत्ते बंद करून बायबल ठेवलेल्या खाणावळी काढल्या होत्या, त्या काही महिन्यांतच गुंडाळाव्या लागल्या. आणि 1553 मध्ये याच शहराने मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश विचारवंताला धर्मद्रोही ठरवून जिवंत जाळलं. ते विसरून इथल्या साधेपणाचे गोडवे गाणं मला जमणार नाही.

पण त्या कडकपणातून एक विलक्षण गोष्ट घडली. 1566 मध्ये सोनारांना क्रूस आणि पूजेची पात्रं घडवायला बंदी झाली. नटण्यामुरडण्यावरही निर्बंध होतेच. सोनारांचे हात रिकामे झाले. त्याच सुमाराला फ्रान्समधून छळ चुकवून आलेले प्रोटेस्टंट घड्याळ करण्याची कला घेऊन आले होते. घड्याळाला मात्र मुभा होती, कारण तो दागिना नव्हता, कामाची वस्तू होती. 1601 मध्ये घड्याळजींचा संघ स्थापन झाला. ग्रां-रू या रस्त्यावर ज्या घरात 1712 मध्ये तत्त्वज्ञ रूसो जन्मला तेही घड्याळजीचंच घर.

दुपारी पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीच्या संग्रहालयात गेले. तळमजल्यावर जुन्या कारागिरांची बाकं मांडलेली आहेत. एका बाकाची कड कोपर टेकून टेकून झिजलेली, तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा काळसर आणि गुळगुळीत. बाजूला कानस, चिमटे, एवढ्याएवढ्याशा छिन्न्या. मी त्या कडेपाशी बराच वेळ थांबले. वरच्या मजल्यावर गेले आणि चकित झाले. सतराव्या शतकातल्या घड्याळांवर मिन्याचं काम: फुलं, बायका, देवदेवता, रंग आजही ओले वाटावेत इतके ताजे. काहींच्या तर झाकणाच्या आत चित्र. म्हणजे कॅल्व्हिनला जाऊन शंभर वर्षं होतात न होतात तोच हौस आत शिरली होती, तीही कामाच्या वस्तूच्या पोटातून. कष्टाचं युग संपलं आणि मग चैनीचं सुरू झालं, अशी सरळ रेघ मी मनात आखली होती. ती तिथेच पुसली.

संध्याकाळी रू द्यु रोन या रस्त्यावरून चालले. दुकानांच्या काचेआड मखमली उशीवर एकेक घड्याळ, बहुतेकांना किंमतीची चिठ्ठीच नाही. 1970 च्या दशकात बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस कारखान्यांचं कंबरडं मोडलं. चावीची घड्याळं तगली ती चैनीची वस्तू म्हणून. वेळ तर माझ्या मनगटावरचं बाराशेचं घड्याळही त्यांच्यापेक्षा अचूक दाखवतं. एकेकाळी वेळ वाया जाऊ नये म्हणून वापरायचं हे यंत्र, आता ते घेणाराला वेळेची गरजच नसते.

डॅनियल बेल या समाजशास्त्रज्ञाने 1976 मध्ये लिहिलं की जुन्या काटकसरीच्या नीतीला खरा सुरुंग लावला तो हप्त्यावरच्या खरेदीने. जनरल मोटर्सने 1919 मध्येच गाड्यांसाठी स्वतःची कर्ज कंपनी काढली होती. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ हे दूषण होतं. आता तो माझ्या विभागाचा महिन्याचा आकडा आहे. मात्र माणसं आळशी झाली, हे मला मान्य नाही. गेल्या महिन्यात एक मुलगा आला होता, दिवसा गोदामात आणि रात्री खाण्याची पार्सलं पोचवतो. फोनचे 18 हप्ते. सही करताना म्हणाला, “मॅडम, आता दीड वर्ष सुट्टी नाही.” साठवून मग घ्यायचं, ते उलटलं: आधी घ्यायचं, मग राबायचं. कष्ट तेवढेच, फक्त थांबणं गेलं. पूर्वी राबवायला देवाची धास्ती होती, आता हप्त्याची पाच तारीख आहे.

पूल ओलांडून सँ-जर्व्हे या वस्तीत गेले. इथे माळ्यांवर घड्याळजी बसत. वरच्या मजल्यांना ओळीने खिडक्या, कारण त्यांना दिवसाचा शेवटचा उजेडही हवा असायचा. अंधार पडत आला होता. नदीपलीकडच्या इमारतींच्या माथ्यावर घड्याळांच्या नावांचे दिवे लागले. माळ्याच्या खिडक्यांपैकी एकीतच उजेड होता, आत कुणीतरी मान खाली घालून काहीतरी करत होतं. काय, ते खालून दिसलं नाही.