खरखरीत कागदावर पितळी तांब्या

खजुरी बाजारातून ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि दाणेदार पृष्ठभागाचा, कागद आणला होता तो जलरंगांसाठी. रंगांचा मुहूर्त लागेना, म्हणून दिवाळीनंतर एका दुपारी त्यावर पेन्सिलनंच स्थिरचित्र काढायला बसले. इंदुरातल्या आमच्या घराला उत्तरेची खिडकी आहे, तिथला उजेड दुपारभर फारसा हलत नाही. स्टुलावर सासूबाईंचा पितळी तांब्या, एक नारळ आणि दोन कांदे मांडले.

नारळ तर कागदानंच काढून दिला. ६बी ही मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली की शिसं फक्त दाण्याच्या उंचवट्यांवर बसतं, खळगे पांढरे राहतात, आणि शेंडीतला काथ्या आपसूक दिसू लागतो. फार सुख वाटलं.

तांब्यापाशी अडलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, चित्राकडे बघून म्हणाल्या, "अगं, याचं पोट असं खरखरीत कसं गं? रोज चिंचेनं घासते मी." खरंच होतं. अंगावर देवीचे व्रण असावेत तसा तो दिसत होता.

मग मी जोर लावला. पेन्सिल दाबून घासली, तर काळपट तेलकट चमक आली, खळग्यांचे पांढरे ठिपके मात्र होते तिथेच. बोटानं पसरवलं, तर गडद भागाचा सगळा जोरच गेला. शेवटी साधं खोडरबर घासलं आणि कागदाचे तंतू वर आले. त्यावर पुन्हा शिसं लावलं तर डागासारखं बसलं. तो कागद बाजूला ठेवला तेव्हा जीव हळहळला.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. एच या कडक पेन्सिलला सुईसारखं टोक काढलं आणि बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी खळगे भरत गेले. कडक, टोकदार शिसं खाली उतरतं, मऊ शिसं वरच्यावर राहतं. त्यावर २बी, मग त्याहून मऊ ४बी, प्रत्येक थर हलका. तांब्याच्या दोन बोटं रुंद सावलीला पाऊण तास लागला. चकाकीची जागा आधीपासून कोरी राखली, कारण अशा कागदावर खोडून काढलेलं पांढरं स्वच्छ होत नाही. चुकलं तिथे कणकेसारखं मळता येणारं रबर नुसतं टेकवून उचललं.

त्या दिवसांत फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याची काँते नावाच्या काळ्या खडूनं काढलेली चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. १८८०च्या दशकात तो मिशाले नावाच्या दाणेदार कागदावर काढायचा, आणि रेषेवाचून, नुसत्या दाण्यातून माणसं उभी करायचा. (आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रेही पुढे सराच्या रंगचित्रांसारखे ठिपक्याठिपक्यांनी रंगवू लागले. त्यांचं शिक्षण इंदुरातलं, कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखालचं, याचा मला फार आधार वाटतो.) तेव्हा उमगलं, की दाणा सगळीकडे बुजवायचा नाही. मागची भिंत मी तशीच दाणेदार सोडली, आणि तांब्या एकदम पुढे आला. काठावर खिडकीचं वाकडं प्रतिबिंब होतं, नखाएवढं. ते काढताना श्वास रोखून धरला होता.

कांदे सगळ्यात शेवटी घेतले. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाला हिरवा मोड आला होता, तोही काढला.