एमजीबीची धुरकट मीटरं

सप्टेंबर सरला की इथे इंग्लंडात जुन्या गाड्यांच्या मीटरांना घाम फुटतो. माझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1972 ची, कापडी छताची, आणि आमचं गॅरेज बाराही महिने दमट. सकाळी स्पीडोमीटरची काच आतून पांढरी दिसायची. हीटर तापला की निवळायची, पण पूर्ण नाही. मागे एक तेलकट थर उरायचा आणि रात्री काटा शोधावा लागायचा.

म्हणजे दुखणी दोन. पांढरं दिसायचं ते गार काचेवर धरलेलं दव. तेलकट थर मात्र जुन्या रबर-प्लास्टिकमधून वर्षानुवर्षं सुटलेल्या वाफांचा. तो उन्हात वाळवून जात नाही, पुसावाच लागतो.

बॅटरीची तार सोडवली आणि डॅशबोर्डखाली उताणा शिरलो. केबलचा नट, ब्रॅकेटचे नट, दिव्यांचे होल्डर, सगळं निव्वळ चाचपून काढायचं! गाडी बनवणाऱ्यांनी बोटं बारीक असलेला माणूस गृहीत धरला असावा.

स्मिथ्स कंपनीच्या या मीटरची क्रोमची रिंग उचकटायची नसते. तिच्या आतल्या जिभा डब्याच्या काठावरच्या खाचांसमोर येईपर्यंत ती फिरवायची, मग अलगद सुटते. रबर चिकटून बसलेलं असतं, त्यामुळे कडेने थोडं गंज सोडवणारं तेल, रबरी हातमोजे आणि भरपूर धीर लागतो. स्क्रू-ड्रायव्हर लांबच ठेवलेला बरा, रिंग वाकली की पुन्हा नीट बसत नाही.

काच साबणाच्या कोमट पाण्यात धुतली. तबकडीवरची धूळ फक्त मऊ ब्रशने झटकली, कारण ओल्या फडक्याने छापलेले आकडे निघू शकतात. काट्याला हात लावलाच नाही, त्याची स्प्रिंग फार नाजूक.

काचेखाली नवं रबर घातलं. सिलिकॉन फासून डबा हवाबंद करायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. मागे केबल आणि दिव्यांची भोकं असतातच, आत गेलेला ओलावा उलट कोंडला जातो. त्यापेक्षा घरात हीटिंग चालू असताना, मीटर पुरतं सुकवून मगच बंद केलं.

पाणी मुळात येत होतं विंडस्क्रीनच्या रबराखालून. कार्पेट उचललं तर खाली ओल. ते रबर बदललं नसतं तर बाकी खटाटोप फुकट होता.

तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणारं जोडमीटर तेवढं राहिलंय. त्याची बारीक नळी थेट इंजिनच्या हेडमध्ये जाते, आणि ती मुडपली की मीटर कामातून गेलं. कूलंट बदलायला काढेन तेव्हाच त्याला हात लावणार.