वाल द'ऊइना: सायकल उचलायची तयारी असेल तरच

स्वित्झर्लंडच्या खालच्या एंगाडिन खोऱ्यातून इटलीच्या फिंशगाउ खोऱ्यात वाल द'ऊइना या दरीमार्गे सायकलने जाता येते, असे इंटरनेटवरच्या बहुतेक वर्णनांत लिहिलेले असते. हे विधान खोटे नाही, पण जे आधी सांगायला हवे तेच त्यातून गाळलेले असते. या वाटेवर क्वार नावाची घळ लागते आणि तिथल्या कातळात खोदलेल्या पायवाटेवर सायकल चालवण्यास मनाई आहे. उतरून ढकलत न्यावी, अशी स्पष्ट सूचना तिथे आहे. आम्ही वाचलेल्या वर्णनाने या टप्प्याची बोळवण 'थोडे अंतर ढकलावे लागते' एवढ्या शब्दांत केली होती. ते थोडे अंतर पार करायला आम्हाला तासाहून अधिक वेळ लागला आणि दिवसाचे पुढचे सगळे गणित कोलमडले. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या घळीविषयी आहे.

युरोपात नोकरीनिमित्त राहणारी आणि डोंगरात सायकल चालवण्याची सवय असलेली मराठी मंडळी मी वाचक म्हणून डोळ्यांसमोर धरली आहेत. पंक्चर काढणे, साखळी जोडणे, लांब उतारावर ब्रेक सांभाळणे हे येते असे मी गृहीत धरतो. एका दिवसात बाराशे मीटरची चढाई ज्यांनी कधी केलेली नाही, त्यांनी ती इथे पहिल्यांदा करून पाहू नये.

मी, माझी पत्नी आणि एक मित्र असे आम्ही तिघे स्टुटगार्टहून रेल्वेने लांडक्वार्ट आणि तिथून फेराइना बोगद्यातून श्कुओलला पोहोचलो. सायकलीचे तिकीट वेगळे काढावे लागते, याखेरीज त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. श्कुओलहून इन नदीच्या कडेने सात-आठ किलोमीटर खाली गेले की सुर एन ही वस्ती येते आणि खरी चढण तिथून सुरू होते. सुर एनची उंची सुमारे ११२० मीटर आहे आणि श्लिनिग खिंडीची २३०० मीटरच्या आसपास.

पहिला भाग जंगलातल्या कच्च्या रस्त्याचा आहे. रस्ता रुंद आहे आणि ऊइना दादोरा या कुरणापर्यंत तो बऱ्यापैकी दमाने चढवता येतो. त्यापुढे ऊइना दादाइंतपर्यंतचे काही टप्पे मात्र इतके उभे आहेत की पुढचे चाक जमीन सोडू लागते. इथे ईर्ष्येने पायडल मारत राहणारे अनेक जण आम्ही पाहिले. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की या टप्प्यांवर उतरून शांतपणे चालावे, कारण पुढे घळीत पायांपेक्षा खांदे आणि मनगटे यांचा कस लागतो आणि तिथे थकलेल्या हातांनी पोहोचणे धोक्याचे आहे. दादाइंतच्या शेतघरात उन्हाळ्यात खायला-प्यायला मिळते. भूक नसली तरी तिथे थांबून पोटभर खावे, बाटल्या भरून घ्याव्यात आणि मगच पुढे निघावे.

घळीतली वाट १९०८ ते १९१० या काळात खोदली गेली. फोर्त्सहाइम शहरातल्या गिर्यारोहकांच्या शाखेने खिंडीपलीकडे सेसवेन्ना शिखराच्या पायथ्याशी आधीच एक निवारा बांधला होता आणि एंगाडिनच्या बाजूने तिथे पोहोचता यावे म्हणून त्यांनी उभ्या कड्यात सुरुंग लावून ही वाट काढली. फोर्त्सहाइम आमच्या घरापासून रेल्वेने तासाभराच्याही आतले गाव. तिथल्या माणसांनी इतक्या दूरच्या कड्यात शंभर वर्षांपूर्वी हे काम उभे केले याचा मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी वाट केली ती पाठीवर पिशवी घेतलेल्या माणसासाठी, हे मात्र सायकल घेऊन आत शिरणाऱ्याने विसरता कामा नये.

वाटेची रुंदी जेमतेम मीटर-दीड मीटर आहे आणि आजच्या डोंगरी सायकलीचे हँडल पाऊण मीटरहून रुंद असते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि खाली ओढ्याचा इतका आवाज की पुढच्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही. काही ठिकाणी छत डोक्यावर झुकलेले आहे, काही ठिकाणी वाट बोगद्यातून जाते आणि तिथे पायाखालचा दगड पाझरणाऱ्या पाण्याने निसरडा झालेला असतो. कातळात लोखंडी दोर ठोकलेले आहेत, पण दोन्ही हात सायकलीला गुंतलेले असताना दोर धरणार कशाने? सह्याद्रीत नाळा आणि कातळटप्पे उतरलेल्यांना नुसत्या उंचीची भीती वाटणार नाही, पण तिथे आपले हात मोकळे असतात, इथे नसतात, आणि फरक पडतो तो एवढ्याचाच.

आमच्या अनुभवावरून काही गोष्टी ठामपणे सांगतो. आपण कातळाच्या बाजूला राहावे आणि सायकल दरीच्या बाजूला ठेवावी. उलट केले तर हँडलचे टोक कातळावर आपटते आणि तो धक्का माणसाला बाहेर ढकलतो. माझ्या पत्नीच्या हँडलची रबरी मूठ अशीच एका वळणावर कातळाला घासून फाटली आणि त्यानंतर आम्ही तिघांनीही बाजू बदलल्या. उंच पायऱ्या लागतात तिथे ब्रेक दाबून, घोडा मागच्या पायांवर उभा करावा तशी सायकल मागच्या चाकावर उभी करावी आणि एकेक पायरी वर घ्यावी. सायकल तोल सोडून बाहेर जाऊ लागली तर तिला सोडून द्यावे, तिच्यामागे हात लांबवू नये. हेल्मेट डोक्यावरच ठेवावे, कारण झुकलेल्या छताला डोके लागतेच. समोरून चालणारे आले की थांबायचे आपणच, आणि तेही वाट रुंद असेल तिथे आधीच. वाट त्यांची आहे. शनिवार-रविवारी गर्दी इतकी असते की निम्मा वेळ थांबण्यातच जातो, त्यामुळे शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी दहाच्या आत घळीच्या तोंडाशी पोहोचावे. कडक तळव्याचे, पायडलला अडकणारे बूट इथे पूर्ण निरुपयोगी आहेत. ज्या बुटांनी ओल्या दगडावर निर्धास्त उभे राहता येते तेच घालावेत.

विजेवर चालणाऱ्या सायकलीबद्दल माझे मत त्याहून कडक आहे. आमच्या मित्राला भाड्याने सायकल देणाऱ्याने 'सगळे जण हीच नेतात, काहीच त्रास होत नाही' असे सांगून चोवीस किलोची सायकल हाती दिली. जंगलातल्या चढणीवर ती आमच्यापुढे सहज गेली, पण घळीतल्या पायऱ्यांवर ती उचलायला दोन माणसे लागत होती आणि त्या वाटेवर दोन माणसे एकाशेजारी एक उभी राहू शकत नाहीत. ढकलायला मदत करणारे बटण पायरीपुढे काही कामाचे नाही. वाल द'ऊइनात विजेची सायकल नेऊच नये, दुकानदार काहीही म्हणो.

घळ संपते आणि एकदम सुरसासचे विस्तीर्ण पठार उघडते. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, मधून संथ वाहणारा तोच ओढा आणि वर स्वच्छ आकाश. आम्ही सायकली गवतावर आडव्या टाकल्या आणि बराच वेळ नुसते बसून राहिलो. आल्प्समध्ये याहून अधिक आनंद मला कुठे झाल्याचे आठवत नाही. त्या भरात एक गोष्ट मात्र विसरू नका. पठारावर दलदलीचे पट्टे आहेत आणि हिरवळीतून सरळ आडवे जाणे त्या गवताला आणि मातीला घातक आहे. वाट ओली असली तरी वाटेवरच राहावे.

खिंडीत स्वित्झर्लंड संपून इटली सुरू होते. चौकी नाही, तरी भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना जवळ बाळगावा. फोनचे पॅकेजही तपासावे. युरोपीय संघातल्या अनेक पॅकेजांत स्वित्झर्लंड येत नाही. आमच्या फोनला घळीत रेंज नव्हती, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. स्वित्झर्लंडमध्ये बचाव हेलिकॉप्टरसाठी १४१४ आणि इटलीत ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

सेसवेन्ना निवाऱ्यापासून श्लिनिग गावापर्यंतचा उतार सुमारे पाचशे मीटरचा आहे आणि त्याचा वरचा भाग सुट्या खडीचा व फार तीव्र आहे. दमलेल्या मनगटांनी ब्रेक सतत दाबून ठेवू नये. थांबत उतरावे आणि डिस्क थंड होऊ द्याव्यात. श्लिनिगपासून पुढे सगळे सोपे आहे आणि बुर्गाइस गावाच्या वर मारियेनबेर्गचा पांढरा मठ दिसला की फिंशगाउतले माल्स हे गाव जवळ आले असे समजावे.

माल्समध्ये आम्ही नाडले गेलो. घळीतल्या विलंबामुळे सायकली घेणारी बस चुकली होती, म्हणून एका खासगी गाडीवाल्याशी श्कुओलपर्यंतचे भाडे माणशी ठरवले. पोहोचल्यावर त्याने सायकलींचे वेगळे आणि सीमा ओलांडल्याचे आणखी वेगळे पैसे मागितले, आणि ती रक्कम जवळजवळ मूळ भाड्याइतकी होती. पैसे दिले, पण राग अजून गेलेला नाही. गाडीत सायकल चढवण्यापूर्वी माणूस, सायकल आणि सीमा मिळून एकूण किती, हा आकडा लेखी घ्यावा. मोबाइलवरचा संदेशही पुरतो.

गाडी टाळायची असेल तर माल्समध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रेशेन खिंडीवरून सायकलने परतावे. आमच्याबरोबर त्या संध्याकाळी एकाच टेबलावर जेवलेले एक जर्मन जोडपे तसे परतले आणि ते शहाणपणाचे होते. वाट सायकलमार्गाची आहे, १९५० साली धरणात बुडालेल्या ग्राउन गावाचा मनोरा रेशेनच्या तलावातून वर आलेला दिसतो, आणि नाउडर्समार्गे मार्टिनाला उतरून इनच्या काठाने वर सुर एनला पोहोचता येते. ज्यांना सायकल खरोखर चालवायचीच आहे, त्यांनी ऊइना सोडून रेशेन-नाउडर्स भागातच राहावे. तिथे दोरवाटेच्या पाळण्याने वर जाऊन उतरण्याच्या आखलेल्या वाटा आहेत.

जूनच्या अखेरीपूर्वी जाऊ नये, घळीत जुना बर्फ साचलेला असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि त्या वेळी आपण घळ ओलांडून पठारापलीकडे निवाऱ्यात असायला हवे. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सुर एनमध्ये एक दिवस थांबावे.